साउंड मॉड्यूल म्हणजे काय, आणि पहिलं कोणतं घ्यावं?

जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, सप्ताह आणि गावोगावचे ऑर्केस्ट्रे यांमुळे मराठवाड्यात कीबोर्ड वाजवणारी पोरं आता तालुक्या-तालुक्यात सापडतात. सुरुवात बहुतेकांची ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर होते. हात बसला की कान जागा होतो, आणि मग त्याच कीबोर्डातली बासरी नकली वाटायला लागते, स्ट्रिंग्ज पातळ वाटतात. अशा वेळी कुणीतरी सांगतं, "नवा कीबोर्ड कशाला घेतोस, मॉड्यूल घे." पोरगं मोबाईलवर शोधायला बसतं आणि समोर येतं ते असं: १२८ व्हॉइस, १६ पार्ट, एफएम, रॅक, डेस्कटॉप, यूएसबी होस्ट. तिथेच गाडी अडते.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. साउंड मॉड्यूल या एका नावाखाली अगदी वेगळ्या कामाची दोन यंत्रं विकली जातात. आपल्याला त्यातलं कोणतं हवंय हे ठरलं की अर्धी निवड झाली. उरलेली अर्धी निवड जोडणी आणि वीज यांवर ठरते. आवाजांची संख्या सगळ्यात शेवटी बघायची.

## पट्ट्या नसलेला कीबोर्ड

कीबोर्डातून पट्ट्या काढून घेतल्या तर जे उरेल ते साउंड मॉड्यूल. आवाज तयार करणारं सर्किट, एक छोटा पडदा, काही बटणं आणि मागच्या बाजूला तारा लावायच्या जागा. ते स्वतःहून वाजत नाही. दुसऱ्या कीबोर्डने, ठोके मारायच्या पॅडने किंवा संगणकाने त्याला वाजवावं लागतं. १९ इंच रुंदीच्या चौकटीत बसवायच्या मॉड्यूलला रॅक म्हणतात, टेबलावर ठेवायच्या डब्याला डेस्कटॉप. यात फरक आकाराचा आहे, आवाजाच्या दर्जाचा नाही.

हे वेगळं विकायचं कारण सरळ आहे. कीबोर्डमध्ये पट्ट्यांनाच जागा लागते, वजनही त्यांचंच. एक चांगल्या पट्ट्यांचा कीबोर्ड असेल तर दुसऱ्या, तिसऱ्या आवाजासाठी पुन्हा पट्ट्या विकत घ्यायची गरज नसते. यामाहाने १९८३ साली डीएक्स-७ हा कीबोर्ड आणला आणि पुढच्याच वर्षी टीएक्स-८१६ नावाची चौकट काढली. तिच्यात आठ डीएक्स-७ च्या तोडीची आठ सर्किटं शेजारी शेजारी बसवलेली होती. आठ कीबोर्ड मांडायला स्टेजवर जागा कुणाकडे असते?

## मिडीच्या तारेतून आवाज जात नाही

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

कीबोर्ड आणि मॉड्यूल यांच्यात जी बोलणी होतात त्या पद्धतीला मिडी म्हणतात. रस्त्यावरच्या एखाद्या खानावळीची कल्पना करा. वेटर चिठ्ठी लिहून आत देतो: टेबल नंबर चार, दोन भाकरी, शेवभाजी, तिखट जास्त. त्या चिठ्ठीत जेवण नसतं, जेवण आचारी करतो. मिडीच्या तारेतून जाते ती अशी चिठ्ठी. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली (१ ते १२७ मधला एक आकडा), कधी सोडली, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. आचारी बदलला की त्याच चिठ्ठीवर वेगळ्या चवीची भाजी येते. मॉड्यूल बदललं की त्याच वाजवण्यातून वेगळा आवाज येतो. टेबलांना नंबर असतात तसे मिडीत १६ चॅनल असतात. एका चॅनलवर बासरी, दुसऱ्यावर बेस, दहाव्यावर ड्रम, असं एकच मॉड्यूल एकाच वेळी सांभाळू शकतं. १६ पार्ट म्हणतात ते याला.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, मिडीची तार लावून झाली तरी मॉड्यूलपासून मिक्सरपर्यंत आवाजाची वेगळी तार लागतेच. आपले साउंडवाले जिला पी-३८ म्हणतात ती मोठी पिन तिथे लागते. मॉड्यूलच्या मागे डावी आणि उजवी अशा दोन जागा असतात आणि डावीशेजारी बहुधा 'मोनो' लिहिलेलं असतं. मिक्सरवर एकच चॅनल मिळाला असेल तर तार तिथेच लावायची. उजवीत लावली तर स्टिरिओतला अर्धा भाग गायब होतो आणि दोष मॉड्यूलवर येतो.

दुसरी गोष्ट, कीबोर्डचा स्वतःचा आवाज त्याच वेळी येतच राहतो. तो नको असेल तर कीबोर्डमध्ये 'लोकल कंट्रोल' नावाची सोय बंद करायची, किंवा कीबोर्डची आवाजाची तार मिक्सरमधून काढून टाकायची.

मिडीचं मोठेपण असं की ते कुणा एका कंपनीचं नाही. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, आणि जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात एका कंपनीच्या प्रॉफेट-६०० ने दुसऱ्या कंपनीचा ज्युपिटर-६ वाजवून दाखवला. स्पर्धक कंपन्यांनी मिळून ठरवलेली ही भाषा आजही चालते. म्हणून तीस वर्षांपूर्वीचं मॉड्यूल आजच्या कीबोर्डला जोडता येतं. तारेचा वेग आजच्या मानाने कमी आहे, सेकंदाला ३१,२५० बिट. तरी एका स्वराचा निरोप पोचायला साधारण एक मिलीसेकंद लागतो आणि कानाला तो कळत नाही.

## एकाच नावाची दोन यंत्रं

पहिल्या प्रकारच्या मॉड्यूलमध्ये खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित तुकडे कायमच्या स्मृतीत भरलेले असतात. पट्टी दाबली की तो तुकडा योग्य स्वरात वाजतो. अशा यंत्राला रॉम्पलर म्हणतात. पियानो, व्हायोलिनचा समूह, बासरी, ट्रम्पेट, ड्रम असं सगळं तयार मिळतं. रोलंडचं १९९४ चं जेव्ही-१०८० हे याचं प्रसिद्ध उदाहरण. २००० सालचं एक्सव्ही-५०८० आणि २०१२ चं इंटेग्रा-७ हे त्याच घराण्यातले पुढचे. यामाहाची मोटिफ रॅक आणि कॉर्गची ट्रायटन रॅक याच जातीच्या.

दुसऱ्या प्रकारात तयार वाद्य नसतं. एक कच्ची लहर निर्माण होते, फिल्टर तिच्यातला झणझणीतपणा कमी-जास्त करतो, आणि आवाज कसा उठेल, किती टिकेल, कसा विरेल हे तुम्ही खुंट्या फिरवून ठरवता. हे खरं सिंथेसायझर. बेहरिंगरचं मॉडेल डी घ्या. १९७० च्या मिनिमूगवर ते बेतलेलं आहे. रोलंडचं छोटं एस-१ आहे, १९८२ च्या एसएच-१०१ च्या धाटणीचं. कॉर्गचं व्होल्का कीज आहे, मिनिलॉग एक्सडीचं मॉड्यूल आहे. यात पियानो शोधू नका, तो सापडणार नाही. जाड बेस, शिट्टीसारखा लीड, हळूहळू उघडत मागे पसरणारा आवाज (यालाही पॅडच म्हणतात) हे या यंत्राचं काम.

मधला एक पंथ एफएमचा आहे. एका लहरीने दुसरीला वेगाने हलवायचं आणि त्यातून घंटेसारखे, काचेसारखे आवाज काढायचे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांनी ही पद्धत शोधली आणि यामाहाने ती डीएक्स-७ मध्ये घराघरांत नेली. कानाला फार सुंदर, पण आवाज घडवायला अवघड. पहिलं मॉड्यूल म्हणून मी ते सुचवत नाही.

आता स्वतःला विचारा: मला कार्यक्रमात गाण्याला साथ द्यायचीय, की आवाज कसा घडतो ते शिकायचंय? ऑर्केस्ट्रात बासरीचा तुकडा आला की बासरी लागते; तिथे मॉडेल डी घेऊन गेलात तर गायक तुमच्याकडे बघत राहील. उलट, ज्याला स्वतःचं संगीत करायचंय त्याने हजार तयार आवाजांचं रॉम्पलर घेतलं तर तो बटणं दाबत आवाज बदलत बसतो आणि एकही आवाज त्याचा होत नाही. मराठवाड्यातल्या ज्या मुलांनी मॉड्यूल घेऊन सहा महिन्यांत विकलं, त्यांचं यंत्र सहसा खराब नव्हतं. त्यांनी दुसऱ्या कामाचं यंत्र घेतलं होतं.

## '१२८ व्हॉइस म्हणजे जास्त चांगलं ना?'

व्हॉइस किंवा पॉलिफनी म्हणजे यंत्र एका वेळी जास्तीत जास्त किती ध्वनी वाजवू शकतं तो आकडा. तो संपला की आधी दाबलेले स्वर मधेच तुटतात. पण छापलेला आकडा आणि हातात येणारा आकडा यांत फरक असतो. जेव्ही-१०८० वर ६४ व्हॉइस लिहिलेले आहेत. त्यातला एक भरदार आवाज चार थरांचा असू शकतो आणि प्रत्येक थराला एक व्हॉइस लागतो. म्हणजे तो आवाज लावून तुम्हाला ६४ भागिले ४, अर्थात १६ स्वर मिळाले. स्वर लांबवणारं सस्टेन पेडल दाबून दोन्ही हातांनी वाजवलं, त्यात मागे ड्रम आणि बेस चालू असले, की १६ पटकन संपतात.

म्हणून रॉम्पलरमध्ये ६४ च्या खाली जाऊ नये असं मी म्हणतो. खऱ्या सिंथेसायझरला मात्र हा नियम लावू नका. मॉडेल डी एका वेळी एकच स्वर वाजवतं आणि बेस, लीडला तेवढं पुरतं. व्होल्का कीजला तीन, एस-१ ला चार. कॉर्ड वाजवायच्या असतील तर किमान चार हवेत.

आवाजांची संख्या हा आकडा तर आणखी फसवा आहे. इंटेग्रा-७ मध्ये सहा हजारांहून जास्त आवाज आहेत. आपल्याकडचा मुरलेला वादक कार्यक्रमात किती वापरतो ते पाहा: पियानो, स्ट्रिंग्ज, बासरी, एखादा लीड, ब्रास, ॲकॉर्डियन, शहनाई, पॅड. हे आठ-दहा आवाज ज्या मॉड्यूलमध्ये कानाला पटतात, ते मॉड्यूल तुमचं.

## 'सतार-तबला तर सगळ्यांत असतोच'

सगळ्यांत नसतो. १९९१ साली 'जनरल मिडी' नावाचं प्रमाण ठरलं, म्हणजे १२८ आवाजांची एक ठरलेली यादी: कुठल्याही कंपनीच्या यंत्रात १ नंबरला पियानो, ७४ ला बासरी. त्याच साली आलेल्या रोलंड एससी-५५ ने ही यादी घरोघरी पोचवली. त्या यादीत सतार १०५ ला आहे आणि शहनाई ११२ ला. पेटी नाही. जवळचा आवाज म्हणजे २१ नंबरचा रीड ऑर्गन. तबला, ढोलकी, पखवाज यांचं यादीत नावही नाही. परदेशी मॉड्यूलमधला तबला एखाद्या 'एथनिक' किटमध्ये असतो; त्यात धा आणि तिरकिट वेगवेगळ्या पट्ट्यांवर टाकलेले असतात आणि बोटांनी ते जमवणं हा स्वतंत्र अभ्यास आहे.

एक बारीक अडचण इथेच सांगतो. काही यंत्रं हे नंबर १ पासून मोजतात, काही ० पासून. सतारीसाठी १०५ पाठवलं आणि बँजो वाजला, तर समजायचं की मोजणीत एका आकड्याचा फरक आहे, १०४ पाठवा.

भारतीय आवाज हीच तुमची मुख्य गरज असेल, भजनी मंडळात किंवा भीमगीतांच्या पार्टीत वाजवत असाल, तर माझा प्रामाणिक सल्ला असा की मॉड्यूल घेऊच नका. यामाहाची पीएसआर-आय मालिका किंवा रोलंडचा एक्सपीएस-१० यांसारखे भारतासाठी आवाज घालून काढलेले कीबोर्ड त्या कामाला सरस पडतात. मॉड्यूल त्यांच्या जोडीला घ्यायचं, स्ट्रिंग्ज आणि पॅड जाड करायला.

## काळी चार, जुनी पेटी आणि ड्रमचा घोळ

आपल्याकडे गायक येतो आणि पट्टी सांगतो. एकाची काळी एक, दुसरीची काळी चार. बरेच वादक पांढरी एकची बोटं ठेवून ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवायचं बटण वापरतात: काळी एकसाठी एक वर, काळी चारसाठी आठ वर किंवा चार खाली. मॉड्यूल जोडल्यावर हे बटण दोन ठिकाणी येतं, कीबोर्डवर आणि मॉड्यूलमध्ये. दोन्हीकडे एक-एक वाढवलं तर काळी एक ऐवजी पांढरी दोन वाजते. कुठल्या तरी एकाच जागी बदलायचं ठरवून टाका.

माझं मत असं की ते मॉड्यूलमध्ये बदलावं, आणि त्याला कारण आहे. ड्रमच्या चॅनलवर प्रत्येक स्वर म्हणजे एक वेगळं वाद्य असतं. ३६ नंबरवर मोठा ड्रम, ३७ वर काठी रिमवर मारल्याचा टक, ३८ वर स्नेअर. कीबोर्डने ट्रान्सपोज करून पाठवलं तर ३६ चं ३७ होतं आणि मोठ्या ड्रमच्या जागी टक-टक सुरू होतं. मॉड्यूलच्या मुख्य ट्रान्सपोजमध्ये ड्रमचा भाग सहसा वगळलेला असतो. तुमच्यात तो वगळलाय का, हे घरीच तपासून ठेवा.

पेटीबरोबर वाजवायचं असेल तर 'मास्टर ट्यून' ही सोय हवीच. जुन्या पेट्या प्रमाण ४४० हर्ट्झवर (सेकंदाला ४४० कंपनं) असतीलच असं नाही. काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातल्या एकाला सेंट म्हणतात. पेटी वीस सेंट चढी असेल तर मॉड्यूल साधारण ४४५ हर्ट्झवर न्यावं लागतं. पेटीचा सूर ऐकत खुंटी फिरवायची आणि दोन आवाजांतली लाट थांबली की सोडायची.

काही मॉड्यूलांत, विशेषतः रोलंडच्या जीएस (रोलंडने वाढवलेलं जनरल मिडी) पद्धतीच्या, बारा स्वरांपैकी प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे चढवता-उतरवता येतो. शास्त्रीय गायकाबरोबर बसणाऱ्याला ही सोय सोन्यासारखी. तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार पाश्चात्त्य समान स्वरांतरापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, आणि तेवढा उतरवला की सूर निवतो. मात्र शेजारी नेहमीची पेटी वाजत असेल तर हे करू नका. तिचा गंधार वर आणि तुमचा खाली, दोघांत भांडण होतं.

## 'मोबाईल-लॅपटॉपवर फुकट मिळतं, मग डबा कशाला?'

आक्षेप खरा आहे. घरी शिकायला सर्ज एक्सटी, व्हायटल, डेक्स्ड असे उत्तम सिंथेसायझर लॅपटॉपवर मोफत मिळतात. डेक्स्ड तर डीएक्स-७ चेच आवाज वाजवतं. ज्याने अजून एकही फिल्टर फिरवून पाहिलेला नाही, त्याने आधी महिनाभर हेच करावं. मग पैसे खर्च करायचे की नाही ते आपोआप कळतं.

स्टेजवर गणित बदलतं. चालू केल्यावर काही सेकंदांत मॉड्यूल वाजायला तयार असतं. मधेच फोन येत नाही, अपडेट सुरू होत नाही. एप्रिलच्या रात्री मंडपात लॅपटॉप तापून मंदावतो आणि आवाज तुटू नये म्हणून पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतची दिरंगाई वाढवावी लागते. आणखी एक: खुंट्यांचं मॉड्यूल हाताला शिकवतं. डावा हात फिल्टरवर आणि उजवा पट्ट्यांवर ठेवून जे समजतं, ते माऊसने समजायला फार वेळ लागतो.

## तार बसत नाही म्हणून परत केलेलं मॉड्यूल

घ्यायच्या आधी आपल्या कीबोर्डच्या मागे पाहा. पाच पिनांची गोल 'मिडी आउट' जागा असेल तर काम सोपं. ती मॉड्यूलच्या 'मिडी इन'मध्ये जाते. आउट ते इन, हे लक्षात ठेवा. आउट ते आउट लावून लोक तासभर बसतात.

बऱ्याच स्वस्त नव्या कीबोर्डांना फक्त यूएसबी असतं. लहान मॉड्यूललाही यूएसबी असतं. म्हणून दोघांमध्ये सरळ यूएसबीची तार लावली की झालं, असं वाटतं. तसं होत नाही. दोघंही संगणकाला जोडून घ्यायला बनवलेले असतात. दोघांनाही 'होस्ट', म्हणजे बोलणी सुरू करणारा, लागतो. मधे यूएसबी मिडी होस्ट नावाचा छोटा डबा किंवा संगणक घालावा लागतो. त्याचा खर्च आधीच धरा.

काही नव्या छोट्या मॉड्यूलांत मिडीची जागा हेडफोनसारखी बारीक, ३.५ मिलिमीटरची असते. त्यात ए आणि बी अशा उलटसुलट जोडण्या बाजारात होत्या. २०१८ साली ए हा प्रकार प्रमाण ठरला. तार घेताना मॉड्यूलच्या पुस्तिकेत कोणता प्रकार लिहिलाय ते बघून घ्या.

## 'जुनं जपानहून स्वस्तात येतंय'

येतं, आणि आवाज उत्तम असतो. आधी मागच्या बाजूचा फोटो मागवा. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्ट असते, अमेरिकेत १२०, आपली २३०. रॅक मॉड्यूलमध्ये वीजपुरवठा बहुधा आतच असतो. १०० व्होल्ट लिहिलेलं यंत्र आपल्या बोर्डात थेट लावलं तर ते जळतं. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो प्रत्येक कार्यक्रमाला बरोबर न्यावा लागतो. सीमाशुल्क आणि टपालखर्च मिळवला की स्वस्ताई बरीच उतरते.

अडॅप्टरवर चालणाऱ्यांतही सांभाळा. रोलंडच्या बऱ्याच अडॅप्टरांत मधली पिन ऋण असते, कॉर्गच्या व्होल्काला मधली पिन धन लागते. अलेसिसच्या काही जुन्या मॉड्यूलांना नऊ व्होल्ट लागतात पण एसी, आणि तालुक्याच्या दुकानात मिळणारा नऊ व्होल्टचा अडॅप्टर डीसी असतो. पिन बसते म्हणून अडॅप्टर चालतो, असं कधीही धरू नका.

जुन्या यंत्रात एक नाण्याएवढी बॅटरी असते आणि तुम्ही साठवलेले आवाज तिच्यावर जगतात. ती संपली की कारखान्यातले आवाज राहतात, तुमचे जातात. बॅटरी बदलण्याआधी आवाज मिडीवाटे संगणकात उतरवून ठेवता येतात. त्याला बल्क डंप म्हणतात. पडदा अंधुक झालाय का, खुंटी फिरवताना आकडा उड्या मारतो का, हेडफोन लावल्यावर खरखर येते का, हे विकणाऱ्याकडून व्हिडिओवर बघून घ्या. दुरुस्तीसाठी लातूर-नांदेडकडच्यांना हैदराबाद आणि संभाजीनगर-जालन्याकडच्यांना पुणे-मुंबई गाठावं लागतं, हेही हिशेबात धरा.

आणि नवं घ्या की जुनं, संगणकाला लावतात तसा एक छोटा यूपीएस स्टेजवर ठेवा. मॉड्यूलला फारच थोडी वीज लागते, तेवढ्यावर ते बराच वेळ तग धरतं. जनरेटरवर बदली होताना क्षणभर वीज गेली तरी मॉड्यूल पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि बासरीचा तुकडा आला असताना पियानो वाजतो.

## मग घेऊ काय?

कार्यक्रम करणाऱ्याने, पाच पिनांची जागा असलेला कीबोर्ड असेल तर, जेव्ही किंवा एक्सव्ही घराण्यातलं चालू स्थितीतलं, भारतातच वापरलेलं मॉड्यूल शोधावं. बजेट मोठं असेल तर इंटेग्रा. विकणाऱ्याच्या घरी जाऊन स्वतःचा कीबोर्ड लावून वर सांगितलेले आठ-दहा आवाज वाजवून पाहा, हेडफोनवर नव्हे, स्पीकरवर.

आवाज घडवायला शिकणाऱ्याने एस-१ किंवा व्होल्का कीजपासून सुरुवात करावी. दोन्ही लहान आहेत, वीज गेली तरी चालतात, आणि पुढे मोठं घेतलं तरी जवळ ठेवावीशी वाटतात. कॉर्डची हौस नसेल आणि जाड बेसच हवा असेल तर मॉडेल डी. जरा जास्त खर्च झेपत असेल तर मिनिलॉग एक्सडीचं मॉड्यूल मला या सगळ्यांत शिकायला सोयीचं वाटतं, कारण जवळपास प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र खुंटी आहे. पडद्यावरच्या मेन्यूंत शिरून शिकणं नवशिक्याला थकवतं.

## 'आणि संबळ?'

हा प्रश्न तुळजापूरकडचे वादक हमखास विचारतात आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संबळ, तुणतुणं, आपल्याकडची हलगी हे आवाज कुठल्याही जनरल मिडी यादीत नाहीत. त्यासाठी सॅम्पलर लागतो, म्हणजे बाहेरचा आवाज मुद्रित करून पट्टीवर किंवा पॅडवर टाकता येणारं यंत्र. रोलंडचं एसपीडी-एसएक्स हे पॅड त्यासाठी आपल्याकडच्या ऑक्टोपॅडवाल्यांच्या ओळखीचं आहे.

संबळ मुद्रित करताना एकच ठोका घेऊन भागत नाही. हळू, मध्यम आणि जोराचा असे प्रत्येक बोलाचे तीन-चार ठोके वेगवेगळे घ्या, दोन्ही तोंडांचे स्वतंत्र घ्या, आणि जोरानुसार योग्य ठोका वाजेल असं यंत्रात लावा. नाहीतर तोच तो ठोका मशीनगनसारखा ऐकू येतो. मुद्रण मोकळ्या अंगणात करा; पत्र्याच्या खोलीत घुमलेला आवाज नंतर काढता येत नाही. ज्या गोंधळ्याकडून वाजवून घ्याल त्याला मानधन द्या, आणि आवाज कुठे वापरणार ते आधी सांगून त्याची परवानगी घ्या. जपानी कंपनीच्या यादीत आपलं वाद्य यायची वाट बघण्यापेक्षा हे काम उस्मानाबादच्या, अर्थात धाराशिवच्या एखाद्या घराच्या अंगणात, एका दुपारी होण्यासारखं आहे.